मांजरीच्या पाठीवर गोणी

३ फेब्रुवारी १९५९

आणि तरी बाई म्हणतात, चूक माझीच. काल म्हणाल्या, आज म्हणाल्या, उद्याही म्हणतील. मांजरीनं वकीलसाहेबाच्या काळ्या कोटावर घाण केली, चूक माझी. काहून तं कोट मी खुंटीवर नाही टांगला. खुंटीवर टांगला असता तं ती खुंटीवर चढली असती. परवा पडदा तिनं मधातून फाडला तेव्हा पडदा काय जमिनीवर पडला होता?

मांजरीचं नाव बेबी. वकीलसाहेबाच्या बाईनं, पद्मजाबाईनं ठेवलं. मांजरीले बेबी म्हणतात, मले अरे म्हणतात. तिले काचेच्या बशीत दूध, मले कान तुटलेल्या कपात चहा. मी या घरी ऑफिस झाडतो, पाणी भरतो, कायद्याच्या पुस्तकांवरची धूळ पुसतो, पक्षकारांना बसा म्हणतो. बेबी काय करते?

पिल्लू मीच आणलं, हे मान्य आहे. कापसाच्या जिनातल्या सरकीच्या ढिगामागून आणलं. तेव्हा कापसाच्या बोंडाएवढं होतं. बाई म्हणाल्या, अय्या! त्या अय्यात मी फसलो.

आज तिनं टेबलावरचा दावा फाडला. दोन भावांच्या शेतातल्या धुऱ्याचा, बांधाचा दावा होता, तिनं बरोबर दोन वाटे केले. कमलाकरराव वकील म्हणाले, नेमसिंग, हे मांजर होळीच्या आत सुधारलं नाही तर पोत्यात घालून खुनी नदीच्या पलीकडे सोडून ये. आतून बाई म्हणाल्या, बेबी गेली तर तिला आणणाराही जाईल. दोघं बोलत एकमेकांशी होते, पाहत माझ्याकडे होते.

ही डायरी वकीलसाहेबानं टाकून दिलेली आहे. गेल्या सालची. छापलेला वार खोटा, बाकी मी लिहीन ते खरं.

४ फेब्रुवारी

तहसील कचेरीत रेकॉर्डरूमच्या शिपायाची जागा रिकामी आहे. परमनंट. खाकी ड्रेस, पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. तिथले नायब तहसीलदारसाहेब वकीलसाहेबाच्या ओळखीचे. एक शब्द टाकला की काम. पण वकीलसाहेब शब्द टाकत नाहीत, नुसता उचलून पाहतात आणि परत ठेवून देतात.

आज सरळ विचारलं. ते म्हणाले, ज्याच्याच्यानं एक मांजर सांभाळवत नाही, त्याच्या हाती तालुक्याचं रेकॉर्ड कसं द्यायचं? मी म्हटलं, साहेब, सांभाळून दाखवली तं? ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, मग बघू.

वकील माणसाचं बघू म्हणजे होच असते. बाकीच्यांना तेच म्हणायची ते फी घेतात.

जागा कायले पाहिजे तेही लिहून ठेवतो, म्हणजे निश्चय ढिला पडणार नाही. आमचा तांडा इथून लांब, महागावकडे. दोन मोटारी बदला आणि मग पायी. तिथं जमनी आहे. आमची सगाई झाली आहे. तिचा भाऊ डोंगरसिंग म्हणते, होळीपर्यंत नोकरी परमनंट झाली तं लग्न, नाही तं सगाई मोडली समज. उमरखेडच्या बाजारात रूपसिंग म्हणून एक जण शिलाईची मशीन घेऊन बसते, त्याच्या याडीनं जमनीची विचारणा केली आहे. याडी म्हणजे आई. हे मी कायले लिहून राह्यलो? मले माहीत आहे. वकिलाच्या घरी राहून आपल्या बोलीचाही अर्थ सांगायची सवय लागली.

जमनी मागच्या होळीले माझ्याकडे पाहून हसली होती. तांड्यातला धावजीकाका म्हणते, ती तुह्यामागच्या रेड्याले हसली. पण रेडा बाजूले होता, मागं नव्हता.

निश्चय : होळीच्या आत बेबी सुधारणार. होळी अजून लांब आहे.

६ फेब्रुवारी

आमचा आजा लदेणी करे. म्हणजे बैलांचा तांडाच्या तांडा, एकेकाच्या पाठीवर दोन बाजूंनी दोन गोण्या, मीठ म्हणा, धान्य म्हणा, घाट उतरून कुठल्या कुठं न्यायचं. रस्ता नाही, पूल नाही. अशा रक्ताच्या माणसाले वीतभर मांजर काय जड आहे?

आजा नुसता जिभेनं टच् करे आणि सारे बैल जागी थांबत.

सकाळी बेबी कोटाकडे निघाली. मी टच् केलं. थांबली! मी मनात म्हटलं, झालं. मग ती वळली, सावकाश आली, आणि माझ्या पायाचा अंगठा धरला. आधी दातानं, मग चारही पायांनी.

दोष आवाजाचा नाही. मी चप्पल घातली नव्हती.

७ फेब्रुवारी

चप्पल घातली. तिनं घोटा धरला.

१० फेब्रुवारी

मोटारस्टँडवर गेलतो. धावजीकाका तिथं हमाली करते. आमच्याच तांड्याचा आहे, इकडचे-तिकडचे निरोप त्याच्याच जवळ येतात. त्याले सांगितलं की मी जनावराले वळण लावून राह्यलो, आपल्या जुन्या पद्धतीनं.

तो डोक्यावरचं पोतं खाली ठेवून हसला. म्हणे, नेम्या, तू कधी बैल हाकलला रे? तुले चारायले धाडलं की तू पळसाखाली झोपे आणि बैल पाटलाच्या ज्वारीत. तुह्या बापाची अर्धी जिंदगी कोंडवाड्याच्या फाटकात गेली.

मी म्हटलं, काका, ते लहानपणचं होतं.

तो म्हणे, हो बा, लहानपणचंच. तुले मिशी फुटून दोनच वर्षं झालती तवा.

हमाली करून करून माणसाची मान खाली जाते, मग त्याले पुढचं दिसत नाही. मी राग मानला नाही. चहा मात्र त्यालेच पाजायले लावला.

१२ फेब्रुवारी

बाजारातून घंटी आणली. तांड्यातल्या पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी असे. घंटी गळ्यात पडली की जनावराले वाटते, आपल्यावर काही जबाबदारी आहे.

बेबी आधी भ्याली, कपाटाखाली घुसली. तिथंही घंटी वाजली. बाहेर आली, तिथंही वाजली. मग तिच्या ध्यानात आलं की हा आवाज आपलाच आहे, आणि तिले तो आवडला. दिवसभर घरात फिरून वाजवला.

वकीलसाहेबासमोर एक म्हातारा पक्षकार बसला होता. घंटी वाजली की तो उठून हात जोडे. वकीलसाहेब म्हणाले, बसा हो, देव नाही, मांजर आहे. म्हातारा म्हणे, काही असो, फी तं तेवढीच लागीन ना?

मी बाहेर हसलो तं बाईनं मलेच विचारलं, दात काढायला काय झालं?

१६ फेब्रुवारी

ऑफिसात उंदीर वाढले. दुपारी दोघं टेबलाखालून गेले, आणि त्यांना काही घाई नव्हती. कापसाचा मोसम आहे, जिनाकडून येत असतील. घंटीचं काम मात्र पक्कं. बेबी कुठं आहे ते घरात सगळ्यांना कळते.

१९ फेब्रुवारी, सकाळी

सापडलं! चूक कुठं होऊन राह्यली ते सापडलं!

जनावर रिकामं आहे. बस, एवढंच. आजाचा बैल पाठ मोकळी असली की शिंगं उगारे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावे. त्याच बैलावर गोणी चढली की साधू. पाठीवर ओझं नसलं की जनावराच्या डोक्यात किडे पडतात. आता मले सांगा, बेबीच्या पाठीवर जन्मापासून कोणी काही ठेवलं? बाईचा हात सोडून काही नाही. मग कोट नाही नासणार तं काय करणार?

हे डोकं शाळेत येत नसते. चौथीत मी उगाच थांबलो नाही.

१९ फेब्रुवारी, दुपारी

दोन गोण्या शिवल्या. चिमुकल्या, मुठीत मावतील अशा. वकीलसाहेबाच्या जुन्या कोटाचं अस्तर कामी आलं. मधात पट्टा, पोटाखालून नाडी. अगदी आजाच्या गोणीसारख्या, नुसत्या लहान.

सुई बोटात गेली. रक्त आलं. मशीनवर काय, कोणीही शिवेल. पाय हलवता आला की झालं. हातानं शिवायले छाती लागते.

२० फेब्रुवारी, सकाळी

गोण्यांत तुरीची डाळ भरली आणि बेबीवर चढवल्या. बेबी बसली. मग आडवी झाली. मग चारही पाय लांब करून पडली, डोळे अर्धे उघडे. नखं नाही, दात नाही, आवाज नाही. इतकी शांत ती जन्मात नव्हती.

ट्रेनिंग सक्सेस.

२० फेब्रुवारी, दुपारी

पायांचा आवाज आला म्हणून मी बेबीवर टॉवेल टाकला, गोण्या दिसू नये म्हणून. बाईले वाटलं, मेली म्हणून झाकली. बाईनं असा हंबरडा फोडला की शेजारची माणसं आली. टॉवेलातून शेपटी हलली तेव्हा बाई म्हणाल्या, लकवा! माझ्या बेबीला लकवा झाला!

टोपलीत घालून ढोरांच्या दवाखान्यात धावलो. वाटेत टोपलीत हात घालून मी हळूच नाडी सोडली. डॉक्टरनं झाकण उघडलं, बेबी टेबलावरून खिडकीत आणि खिडकीतून बाहेर. डॉक्टर म्हणाला, बाई, लकव्याची अशी केस मी पाहिली नाही.

घरी येईतोवर बाई म्हणत होत्या, किती गुणाचा डॉक्टर, हात न लावता बरी केली. माझं नाव कोणी घेतलं नाही. आणि संध्याकाळी वरणाच्या डाळीत काळे केस काहून आले, याची विचारणाही मलेच.

२६ फेब्रुवारी

डाळ जड होती. आता गोण्यांत लवंग आणि वेलची. आज बेबी माझ्यामागं अंगणभर चालली. पुढं मी, मागं ती, पाठीवर गोण्या, गळ्यात घंटी. माझे डोळे भरून आले. आजा पाहायले पाहिजे होता.

माझ्या खिशात सुक्या झिंग्यांचा पुडा होता, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

बाई दिवसभर म्हणत राह्यल्या की ब्राह्मणाच्या घरात हा कसला मेला वास येतो. मोरी धुवून घेतली. माझ्याकडूनच.

मोटारस्टँडवर जाऊन धावजीकाकाले गोण्यांचं सांगितलं आणि त्याच्याजवळ डोंगरसिंगसाठी निरोप दिला : नोकरी पक्की आहे, ड्रेसचं माप घेणं तेवढं बाकी. काका म्हणे, खरं सांगून राह्यला का? मी म्हटलं, माप घेतलं का मी? मग बाकीच आहे ना.

४ मार्च

बेबीनं स्वतःहून प्रगती केली. गोण्या चढवल्या की ती खोलीतली सगळ्यात उंच वस्तू पाहते, तिच्यावर चढते आणि तिथं पाठ घासते. आज कपाटावर चढली. कपाटावर घड्याळ होतं. आता नाही.

वकीलसाहेब म्हणाले, हे कोणी पाडलं? मी म्हटलं, उंदीर. ते म्हणाले, उंदरानं घड्याळ पाडलं? मी म्हटलं, उंदीर लय झाले, साहेब. हे तं खोटं नाही.

मी याले घाट चढणं म्हणतो. ओझं घेऊन वर जाणं हे सोपं काम नाही. रूपसिंगले म्हणा, मशीन घेऊन कपाटावर चढून दाखव.

९ मार्च

जमेचा आढावा. कोट अजूनही नासते. अंगठा अजूनही धरते. कागद अजूनही फाडते. पण पहिले ती हे मोकळ्या पाठीनं करे, आता गोण्यांसकट करते. हा फरक पाहायले नजर पाहिजे. वकीलसाहेबाले ती नाही. आज म्हणाले, नेमसिंग, पोतं शोधून ठेव.

जमनी कशी असेल?

१२ मार्च

रविवारी नायबसाहेब चहाले येणार!! बाई चिवडा करायले बसल्या. वकीलसाहेब म्हणाले, त्या दिवशी मांजर कोंडून ठेव.

कोंडून? अरे, हाच तं मोका आहे. सांगून काम होत नसते, दाखवावं लागते. चहा झाला की मी दारातून टच् करीन. बेबी गोण्या घेऊन आत येईल, एका गोणीत लवंग, एका गोणीत वेलची. नायबसाहेबांपुढं उभी राहील. नायबसाहेब वेलची उचलतील आणि म्हणतील, हे कोणी शिकवलं? मग वकीलसाहेब शब्द टाकोत की न टाको.

१५ मार्च, सकाळी

सगळी तयारी झाली. बेबीची एकच खोड उरली आहे, वर चढायची. त्यावरही इलाज केला. बैठकीतली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कपाट. कपाटावर पाट उभे रचून सारी जागा भरून टाकली. आता तिले पाय ठेवायले बोटभर जागा नाही. इतका पुढचा विचार कोण करते?

बूट पुसले. केसाले तेल लावलं. ड्रेसच्या मापाची टेप बाजारात कोणाजवळ असते ते विचारून ठेवलं.

१५ मार्च, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

नायबसाहेब उंच आहेत. हे मले कोणी सांगितलं नव्हतं. बसले होते तोवर सगळं ठीक होतं. चहा झाला. मी टच् केलं. मागच्या दाराजवळ बेबीले सोडलं. ती आत आली, गोण्या, घंटी, एकदम थाटात. नायबसाहेब म्हणाले, अरे वा, हे काय? आणि नीट पाहायले उभे राहिले.

बेबीनं कपाटाकडे पाहिलं. तिथं जागा नव्हती. मग नायबसाहेबांकडे पाहिलं.

धोतरावरून कोटावर, कोटावरून खांद्यावर, खांद्यावरून टोपीवर. तिथं तिनं पाठ घासायले सुरुवात केली. लवंगा चिवड्यात पडल्या. बाई ओरडल्या, बेबी! वकीलसाहेब ओरडले, नेमसिंग! मी ओरडलो, टच्! या ओढाताणीत घंटीची दोरी नायबसाहेबांच्या बटनात अडकून तुटली. घंटी त्यांच्या कोटाले लटकली. ते हलले की वाजे.

आणि वर आढ्यावर एक लठ्ठ उंदीर बसून हे सारं पाहत होता. त्याले वाटलं असेल, घंटी वाजते तिकडे मांजर. मांजर तं घंटीच्या वर होती. टोपीवरून तिनं जी उडी घेतली, ती आढ्याले लागून खाली आली तेव्हा उंदीर तिच्या तोंडात होता.

नायबसाहेब एकटे वाजत होते.

मग त्यांनी विचारलं, ही मांजर कोणाची?

वकीलसाहेबानं एका क्षणात माझ्याकडे बोट केलं. याची.

नायबसाहेब म्हणाले, काय जनावर आहे हो! रेकॉर्डरूममध्ये उंदरांनी नकाशे खाऊन टाकले. आख्खी आख्खी गावं गिळली. आणि आमच्याकडे अशी मांजर नाही.

वकीलसाहेब म्हणाले, म्हणजे तसं पाहिलं तर आमचीच.

बेबीले कचेरीत मागितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नायबसाहेब म्हणाले, सरकारी काम आहे, वहिनी. तेव्हा बाईनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीले हाक मारून सांगितलं, आमची बेबी कचेरीत लागली.

मी दारात ताठ उभा होतो. मले कोणी काही म्हटलं नाही. पण हे तं उघड आहे, बैल गेला तं बैलवाला मागं राहते का?

१७ मार्च

बेबीले टोपलीत घालून कचेरीत पोचवलं. रेकॉर्डरूम पाहिली. छान आहे. दाराजवळ एक स्टूल आहे. बसून पाहिलं. उंची बरोबर आहे.

१९ मार्च

बेबीनं कचेरीत मोप उंदीर मारले म्हणे. गोण्या नाही, घंटी नाही. माझ्या ट्रेनिंगचा असर आता दिसून राह्यला. काही गोष्टी उशिरा लागू पडतात.

ऑर्डर उद्या येईल.

२० मार्च

वकीलसाहेबानं बोलावलं. म्हणाले, मी शब्द टाकला होता, नेमसिंग. खरंच टाकला. नायबसाहेब म्हणाले, रेकॉर्डरूमला शिपाई हवा होता तो उंदीर हाकलायला. उंदरांची व्यवस्था तर झाली. आता जागा भरायची गरज राहिली नाही.

मी म्हटलं, साहेब, मांजर कुलूप उघडत नाही. ते म्हणाले, कुलूप कारकून उघडतो. मी म्हटलं, मांजर हाक मारली तं ओ देत नाही. ते म्हणाले, आधीचा शिपाईही देत नव्हता.

बेबीले रोज पावशेर दूध मंजूर झालं. कागदावर सही-शिक्का आहे, मी पाहिलं. मांजर, नग एक. दूध बाईच्या घरून जाईल, म्हणजे बेबीले सवयीच्या हातचं मिळेल. सवयीचा हात माझा.

हे कारकुनाच्या हातून चुकून झालं असेल. दुरुस्तीले वेळ लागतो.

२१ मार्च

दूध नेलं. बेबी आता कोणाले चावत नाही. चावली तरी कोणी लिहून घेत नाही. तिनं कागद फाडला तं म्हणतात उंदरानं फाडला. घाण केली तं म्हणतात जुन्या कागदांचा वास आहे. घरी जे केलं म्हणून पोत्यात जायची पाळी आली होती, तेच तिथं करते आणि सगळे म्हणतात, किती समजदार जनावर.

मले तिनं ओळख दिली नाही. दुधाले दिली.

२३ मार्च

डोंगरसिंग आला होता. न सांगता. होळीच्या आधी आपल्या डोळ्यांनी पाहून जावं म्हणून.

मोटारीतून उतरून धावजीकाकाले घेऊन सरळ कचेरीत गेला. नवं धोतर, नवा फेटा. पट्टेवाल्याले ऐटीत विचारलं, नेमसिंग शिपाई कुठं बसते? आमचा होणारा जावई आहे. पट्टेवाला म्हणे, शिपाई? रेकॉर्डले शिपाई नाही, मांजर आहे. नेमसिंग तिचं दूध घेऊन येते, थांबा, टाइम झालाच आहे त्याचा.

आणि मी आलो. हातात लोटा. तोंडानं बेबी, बेबी.

डोंगरसिंग पायरीवर बसला आणि हसला. पोट धरून हसला. धावजीकाकाही हसला. पट्टेवालाही. मग डोंगरसिंग हसायचा थांबला. ते वाईट होतं.

म्हणे, ड्रेस कुठं आहे, नेमसिंग? मी म्हटलं, माप बाकी आहे. तो म्हणे, कोणाचं? मांजरीचं?

मी त्याले समजावून सांगितलं की ही सुरुवात आहे, कचेरीत माझं रोजचं जाणं-येणं आहे, साहेब लोक मले तोंडानं ओळखतात. मांजर किती दिवस जगते? जागा माझीच आहे. गोण्यांचंही सांगितलं, म्हणजे माझी मेहनत त्याले कळावी म्हणून.

तो म्हणे, ते जमनीनं ऐकलं आहे. काकानं मोटारीवाल्याजवळ सांगितलं होतं, तांडाभर झालं. जमनी मले म्हणे, भिया, त्यानं मांजरीच्या पाठीवर गोणी ठेवली, स्वतःच्या पाठीवर कधी ठेवली का विचारून ये.

मी म्हटलं, हा विचारायचा प्रश्न आहे का? तो म्हणे, नाही. मी विचारत नाही. पाहून चाललो.

दुपारच्या मोटारीनं गेला. चहा घेतला नाही.

जमनीनं एवढं लांबचं बोलणं धाडलं, म्हणजे मनात काही तं आहेच. ज्याचं मनात नाही त्याच्याबद्दल बाईमाणूस बोलत नाही.

२४ मार्च, होळी

तांड्यावर आज सगळे नाचत असतील. मी दूध नेलं. होळीची सुट्टी होती, पण बेबीले सुट्टी नाही. तिच्यासाठी कारकुनानं येऊन कुलूप उघडलं. तिच्यासाठी येते तो.

२६ मार्च

धावजीकाका घरी आला. वकीलसाहेबाच्या घरी तो कधी येत नाही, फाटकाबाहेर उभा राह्यला. म्हणे, होळीच्या दिवशी सारे जमले होते, तेव्हाच बोलणं झालं. जमनीची सगाई रूपसिंगसोबत. लग्न चैतात.

मी म्हटलं, जमनी काही म्हणाली? तो म्हणे, नाही. मी म्हटलं, रडली? तो म्हणे, नाही, नेम्या. रंग खेळली.

काका हसला नाही. टवाळी केली नाही. मले तेच आवडलं नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात जड होता. हमालाचा हात असतेच जड.

२८ मार्च

विचार केला. माणसानं मन मोठं ठेवावं. आपण आहेर धाडला तं डोंगरसिंगले कळेल की नेमसिंग कोणत्या दर्जाचा माणूस आहे. पोस्टात गेलो. मनिऑर्डरचा फॉर्म घेतला, स्वतःच्या हातानं भरला. जमनीचं नाव पहिल्यांदा लिहिलं. नीट आलं, एकदाही खोडावं लागलं नाही.

धाडणाऱ्याच्या नावापुढं हुद्दा लिहावा म्हटलं. पेन तसंच धरून उभा राह्यलो. मागचा माणूस म्हणे, पुढं सरका ना राव. नुसतं नेमसिंग लिहिलं.

खाली दोन ओळींची जागा होती. लय काही लिहायचं होतं. लिहिलं, जमनी, याच्या बांगड्या भर.

घरून निघालो तेव्हा मनात एकवीस रुपये होते. पोस्टाच्या पायरीवर अकरा झाले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, बोला, किती धाडायचे?

सव्वा रुपया.